मित्र, मिथ्र आणि मेहेर

इ. स. १९५४ च्या सप्टेंबर महिन्यात लंडन शहराच्या मध्यभागी एक विलक्षण दृश्य दिसत होते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने जमीनदोस्त झालेल्या वॉलब्रुक नावाच्या भागात एका नव्या इमारतीचा पाया घालण्याचे काम चालू होते आणि तत्पूर्वी तेथील जमिनीची तपासणी डब्ल्यू. एफ्. ग्राइम्स हे संशोधक करीत होते. त्या तपासणीत एका जुन्या वास्तूचा तळ लागला. १८ सप्टेंबर रोजी त्या वास्तूत संगमरवराचे एक तरुण मस्तक सापडले. दाट कुरळे केस, वर उचललेली नजर आणि टोकाशी पुढे वळलेली इराणी धर्तीची टोपी. ही वार्ता वृत्तपत्रांत येताच हजारो लोक आपापली कामे टाकून रांगा लावून उभे राहिले. सतराशे वर्षांपूर्वी लंडन हे रोमन साम्राज्याचे एक ठाणे असताना तेथे ज्या देवाची गुप्त उपासना होत असे, तो 'मिथ्र' देव अशा रीतीने पुनः उजेडात आला.

त्याच वर्षाच्या हंगामात आपल्याकडे, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठावरील पांढरीच्या टेकाडांवर कुदळी पडू लागल्या होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ पासून १९५६ पर्यंत तेथे उत्खनन केले. तेथे कोणी रांगा लावल्या नाहीत. परंतु जे हाती आले ते लंडनच्या मस्तकाहून कमी मोलाचे होते असे नाही. नदीच्या वाळूगोट्यांतील अश्मयुगीन हत्यारांपासून मुसलमानी व मराठी अमदानीपर्यंत मानवी वस्तीचे सहा कालखंड तेथे ओळखता आले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून ज्या संस्कृतीस नाव मिळाले तिची रंगीत मातीची भांडीही तेथे मिळाली. या उत्खननाचा वृत्तांत १९६० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याचे नावच मुळी 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचे ठेवण्यात आले. खोदणारा वरून खाली जातो, म्हणजे कालच्याकडून परवाकडे जातो, ही साधी गोष्ट त्या नावाने चांगली दर्शविली आहे.

या सहांपैकी पाचव्या कालखंडास संशोधकांनी 'भारत-रोमन' असे नाव दिले. सातवाहनांचा तो काळ. त्या थरात 'अँफोरा' नामक रोमन घटांची खापरे सापडली. हा घट म्हणजे दोन कानांचा, उंच मानेचा आणि खाली निमुळत्या टोकाचा रांजण होय. जहाजाच्या तळाशी वाळूत रोवून तो उभा ठेवीत आणि त्यातून द्राक्षांचे मद्य, ऑलिव्हचे तेल व माशांचा आंबवलेला रस दूरदेशी जाई. भूमध्य समुद्राच्या काठचा हा घट भडोचच्या बंदरी उतरून, घाट चढून, बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून प्रवराकाठी आला. पहिल्या शतकात एका ग्रीक नावाड्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे व भडोच येथे इटलीचे मद्य आवडीने घेतले जात असल्याचे नमूद आहे. नेवासे हे पैठणच्या पश्चिमेस, त्याच गोदा-प्रवरेच्या खोऱ्यात असल्याने तेथे रोमन घट मिळावा यात नवल नाही.

आता कोणाही जिज्ञासू वाचकाच्या मनात सहज प्रश्न उभा राहील. रोमचे मद्य ज्या वाटेने आले त्या वाटेने रोमचे देवही आले काय? आणि त्यातही ज्या देवाचे नाव आपल्या वेदांतील मित्र देवाशी इतके जुळते, सूर्यनमस्काराच्या बारा नामांत ज्याचे नाव आपण प्रथम घेतो, त्या मित्राचा आणि लंडनच्या त्या टोपीवाल्या तरुणाचा संबंध काय? तो आमचाच देव, येथूनच तिकडे गेला, असे म्हणून छाती फुगविणारे लोक आपल्याकडे पूर्वीही होते आणि आजही आहेत. म्हणून या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रथम हा रोमन मिथ्र कोण, ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे वर्षे, ब्रिटनपासून सीरियापर्यंतच्या रोमन मुलखात या देवाची मंदिरे होती. मंदिर म्हणजे आपल्या कल्पनेतील शिखर, सभामंडप व प्रदक्षिणामार्ग असलेली वास्तू नव्हे. ते एक लांबट, अरुंद, बहुधा जमिनीखालचे किंवा अंधारे दालन असे. गुहेचा भास व्हावा म्हणून छत कमानदार करीत. दोन्ही बाजूंस लांब ओटे असत आणि त्यांवर उपासक टेकून बसत. वीस, तीस, फार तर चाळीस मंडळींची ती जागा. समोरच्या टोकाला देवाचे चित्र किंवा शिल्प.

ते शिल्प सर्वत्र जवळजवळ एकाच घडणीचे आढळते. तरुण देव एका बैलाच्या पाठीवर गुडघा रोवून, डाव्या हाताने त्याचे नाक वर ओढून, उजव्या हातातील सुरा त्याच्या खांद्यात खुपसत आहे. मात्र त्याचे तोंड बैलाकडे नसून मागे वळलेले आहे. कुत्रा व साप जखमेकडे झेपावत आहेत, खाली विंचू आहे, शेजारी कावळा आहे आणि बैलाच्या शेपटीच्या टोकाला गव्हाच्या लोंब्या फुटल्या आहेत. दोहो बाजूंस दोन मशालधारी उभे आहेत. एकाची मशाल वर, दुसऱ्याची खाली. वरच्या कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. हिंदु वाचकास हे दृश्य पाहून क्षणभर धक्का बसेल, परंतु त्यातून धान्य उगवत आहे हे ध्यानात घेतले म्हणजे मृत्यूतून जीवन निघते असा त्याचा काही आशय असावा एवढे जाणवते.

या पंथात सात पायऱ्या होत्या. कावळा, वर, शिपाई, सिंह, इराणी, सूर्यदूत आणि पिता, अशी त्यांची नावे. प्रत्येक पायरीवर एकेका ग्रहाची सत्ता मानली जाई. रोमजवळच्या ऑस्टिया या बंदरात एकट्याच पंधराहून अधिक मिथ्रमंदिरे सापडली असून त्यांपैकी एकाच्या फरसबंदीवर या सातही पायऱ्यांची चिन्हे काळ्या-पांढऱ्या खड्यांत बसविलेली दिसतात. उपासक कोण? फौजेतील शिपाई व अंमलदार, जकातनाक्यांवरचे कारकून, व्यापारी, मुक्त झालेले गुलाम आणि गुलामही. सम्राटाच्या चाकरीतील माणसे बदलीवर गेली की त्यांच्याबरोबर त्यांचा देवही नव्या ठाण्यावर जाई. इ. स. ३०८ मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नुंटुम येथे जमलेल्या सम्राटांनी या देवास आपल्या राज्याचा रक्षक म्हणून वेदी अर्पण केली, यावरून त्याची प्रतिष्ठा कोठवर चढली होती ते दिसते.

आणि असे असूनही या धर्माचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. दीक्षितांनी गुप्ततेची आण घेतलेली असल्यामुळे त्यांनी काही लिहून ठेवले नाही, किंवा लिहिले असल्यास ते राहिले नाही. बाहेरच्या लोकांनी जे लिहिले त्यांत बरेचसे विरोधक ख्रिस्ती लेखक आहेत. म्हणजे एखाद्या घरातील कुळाचाराची माहिती त्या घराशी वैर असलेल्या शेजाऱ्यास विचारावी, तसा हा प्रकार. म्हणूनच या धर्माचे ज्ञान जवळजवळ सर्वस्वी कुदळ-फावड्यावर आणि शिलालेखांवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच ते शंभर वर्षांत इतके पालटले आहे.

या पुराव्याची दोन-तीन उदाहरणे देण्यासारखी आहेत. रोममध्ये सेंट क्लेमेंटचे चर्च आहे. तेथील आयरिश धर्मगुरू जोसेफ मलूली यांनी १८५७ साली चर्चच्या तळाशी खोदकाम आरंभिले. बाराव्या शतकातील चर्चच्या खाली चौथ्या शतकातील चर्च लागले आणि त्याच्याही खाली, पहिल्या-दुसऱ्या शतकातील घरांच्या भिंतींत, मिथ्राचे दालन सापडले. नेवाशाच्या टेकाडात जसा थरावर थर, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की तेथे वरचा थर अजून पूजेत आहे.

दुसरे उदाहरण युफ्रेटीस नदीवरील दूरा-युरोपोस या सरहद्दीच्या शहराचे. तेथील मिथ्रमंदिर १९३४ साली उघडकीस आले. पालमिराच्या धनुर्धारी पथकाने इ. स. १६८ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केल्याचा लेख त्यात होता. पुढे इराणच्या ससानी फौजांनी हे शहर २५६ च्या सुमारास घेतले. वेढ्याच्या वेळी तटाच्या आतून मातीचा भराव घातल्यामुळे भिंतीवरील चित्रे शाबूत राहिली आणि ती आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. या देवाचे पूर्वेकडील ठाणे येथपर्यंतचे. त्याच्या पलीकडे, इराणात वा हिंदुस्थानात, या रोमन धर्तीचे एकही मिथ्रमंदिर मिळालेले नाही. नेवाशासही नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत अलीकडचे व सर्वांत बोलके आहे. बेल्जममधील टीनेन या गावी विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या शतकातील एका मिथ्रमंदिराशेजारचे खड्डे उपसण्यात आले. त्यांत एका मोठ्या मेजवानीचे उष्टे मिळाले. फोडलेली भांडी, धुपाटणी आणि अडीचशेहून अधिक कोंबड्यांची हाडे. हाडांच्या परीक्षणावरून ती मेजवानी उन्हाळ्याच्या ऐन भरात झाली असे ठरले. मंदिराच्या दालनात मावणार नाहीत इतकी माणसे तीत होती. शिल्पात बैल मारला जात असला तरी प्रत्यक्षात बैलाचा बळी देण्याइतकी जागाही या दालनांत नसे. जेवणास कोंबडे आणि भिंतीवर बैल, ही गोष्ट आपल्याला ग्रंथांनी कधी सांगितली नसती. आपल्या शाकाहारी वाचकांस हे वर्णन रुचणार नाही हे आम्ही जाणतो; पण उष्ट्याच्या खड्ड्यातून सत्य निघते ही पुराणवस्तुशास्त्राची रीतच आहे.

आता विद्वानांच्या मतांकडे वळू. बेल्जमचे फ्रांझ क्युमाँ यांनी १८९६ व १८९९ साली दोन मोठे खंड प्रसिद्ध करून मिथ्रविषयक सर्व शिल्पे, लेख व उतारे एकत्र केले. त्यांचा सिद्धांत असा की, रोमन मिथ्रपंथ म्हणजे इराणच्या प्राचीन धर्माचीच पश्चिमेकडे वाहत गेलेली शाखा. आशिया मायनरमधील मग पुरोहितांनी तो नेला आणि शिपायांनी पसरविला. पाऊणशे वर्षे हे मत जवळजवळ निर्विवाद राहिले. परंतु १९७१ साली मँचेस्टर येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता जॉन हिनेल्स व रिचर्ड गॉर्डन यांनी त्याच्या मुळावरच बोट ठेवले. इराणच्या कोणत्याही धर्मग्रंथात मिथ्र बैल मारीत नाही. पारशांच्या 'बुंदहिश्न' ग्रंथात आद्य बैलाचा घात करणारा अहरिमन, म्हणजे दुष्ट शक्ती, आहे. सात पायऱ्यांची दीक्षा इराणात नाही, भुयारी मंदिरे नाहीत. मग शाखा म्हणावी ती कशाच्या बळावर?

तेव्हापासून विद्वानांचा कल असा झाला आहे की, रोमन मिथ्रपंथ ही बहुतांशी रोमन जगातच, पहिल्या शतकाच्या सुमारास घडलेली नवी रचना आहे. देवाचे नाव, टोपी आणि काही शब्द इराणचे. परंतु मांडणी तेथली. कुत्रा, साप, कावळा, विंचू व बैल यांत आकाशातील तारकासमूहांचा नकाशा पाहावा, असा एक पक्ष आहे. १९८९ साली डेव्हिड युलान्सी यांनी तो विस्ताराने मांडला. सर्वांनी तो मान्य केला आहे असे नाही. तथापि गुहा म्हणजे विश्वाची प्रतिकृती होय असे तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने लिहिलेच आहे, त्यामुळे ग्रहतारे या पंथात होते याबद्दल वाद नाही.

लोकप्रिय समजुतीही या परीक्षणातून सुटल्या नाहीत. डिसेंबरची २५ तारीख हा मिथ्राचा जन्मदिवस होता व तोच ख्रिस्ताला दिला गेला, असे पुष्कळदा छापून येते. प्रत्यक्षात इ. स. ३५४ च्या रोमन पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्याचा' जन्म लिहिला आहे आणि तो सम्राट ऑरेलियनने २७४ साली ज्याचे मंदिर उभारले त्या सूर्यदेवाशी जोडला जातो. मिथ्राचे नाव तेथे नाही. रोमच्या सेंट प्रिस्का चर्चखालील मंदिरात भिंतीवर काही ओळी आहेत. देवाने रक्त सांडून आम्हांस तारले अशा अर्थाची त्यांतील एक ओळ फार प्रसिद्ध झाली. पुढे बारकाईने तपासता तीतील तारण्याचा शब्द खात्रीने वाचता येत नाही असे निघाले. एका पुसट अक्षरावर केवढे मनोरे उभे राहतात!

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध येतो तो येथे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ साली जर्मनीतील एका विद्वन्मालेत वैष्णव, शैव व इतर लहान पंथांवर इंग्रजीतून जो ग्रंथ लिहिला, त्यात सूर्योपासनेचे एक प्रकरण आहे. वेदातील सूर्य आमचा स्वतःचाच. परंतु उत्तर हिंदुस्थानात मूर्ती स्थापून, स्वतंत्र पुजारी नेमून जी सूर्यपूजा चालू झाली ती इराणकडून आली, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यांचा पुरावा अजूनही वाचण्यासारखा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यमूर्ती 'उदीच्य' म्हणजे उत्तरेकडच्या वेषात करावी, पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेले असावे व कमरेस 'अव्यंग' बांधावा असे सांगितले आहे. हा अव्यंग म्हणजे पारशांच्या कस्तीचाच भाऊ. त्याच ग्रंथात सूर्याची प्रतिष्ठा मग ब्राह्मणांकडून करवावी असा नियम आहे. भविष्यपुराणात कृष्णपुत्र सांबाने शाकद्वीपातून मग आणल्याची कथा आहे. आपल्याकडील जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे जोडे दिसतात ते याच कारणाने. आणि ज्योतिषाचार्याच्या नावातला 'मिहिर' हा शब्द इराणी 'मिह्र' म्हणजेच मिथ्र याचे संस्कृत रूप होय.

भांडारकरांनी याच ठिकाणी रोमकडेही बोट दाखविले. मिह्राचा पंथ पश्चिमेस आशिया मायनर व रोमपर्यंत पोहोचला, तोच पूर्वेसही आला, आणि कनिष्काच्या नाण्यावरील 'मीरो' ही देवमूर्ती त्याची खूण होय, असा त्यांचा आशय. त्या काळी क्युमाँचे मत सर्वमान्य असल्याने दोन्ही टोके एकाच दोरीने बांधणे स्वाभाविक होते. आज ती गाठ सोडावी लागते. पश्चिमेकडील टोक ही बव्हंशी स्वतंत्र घडण ठरली. परंतु पूर्वेकडील टोक मात्र उलट अधिक पक्के झाले आहे. १९९३ साली अफगाणिस्तानात राबातक येथे कनिष्काचा जो शिलालेख मिळाला, त्यातील देवांच्या यादीत मिह्राचे नाव स्पष्ट आहे. गुरूच्या अनुमानाचा एक भाग गेला व दुसरा दृढ झाला, यात गुरूचा अपमान नाही. पुराव्याने मत बदलण्याची जी शिस्त भांडारकरांनीच आपल्याला लावली, तिचाच हा मान आहे.

मग वेदातील मित्र आणि रोमचा मिथ्र यांचे नाते नाहीच काय? आहे, पण ते आजा-नातवाचे नाही. एका फार जुन्या घराण्यातील दूरच्या शाखांचे आहे. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे १९०७ साली मातीच्या विटांवर जो करारलेख मिळाला, त्यात इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात मितन्नीच्या राजाने मित्र, वरुण, इंद्र व नासत्य यांना साक्षी ठेवले आहे. करार आणि मित्र यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे. फ्रेंच भाषापंडित अँत्वान मेये यांनी १९०७ मध्येच दाखविले की, मित्र या शब्दाचा मूळ अर्थ दिलेला शब्द, परस्परांतील करार असा आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकोणसाठावे सूक्त एकट्या मित्राचे आहे आणि तेथेही तो माणसांना एकत्र आणून आपापल्या कामी लावणारा आहे. अवेस्तातील मिह्र-यश्तात तो करार मोडणाऱ्याचा शत्रू आहे.

एक साम्य मात्र मनाला चटका लावते. तैत्तिरीय संहितेच्या सहाव्या कांडात अशी कथा येते की, देवांनी सोमराजास मारावयाचे ठरविले व मित्रास बोलाविले. मी सर्वांचा मित्र, मी मारणार नाही, असे तो म्हणाला. देवांनी आग्रह केला व तो सामील झाला. तेव्हा मित्र असून क्रूर कर्म केले म्हणून पशू त्याच्यापासून दूर गेले. हेर्मान लोमेल या जर्मन पंडिताने १९४९ साली या कथेचा संबंध रोमन शिल्पातील बैलाच्या वधाशी जोडला, आणि त्या देवाचे मागे वळलेले तोंड आठवले की हा संबंध मोहक वाटतो. पण दोहोंमध्ये हजारांहून अधिक वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर असून मधला एकही दुवा हाती नाही. मोहक वाटणे आणि सिद्ध होणे या दोन गोष्टी आहेत. नेवाशाच्या खापरांसारखीच ही शिस्त. हिंदुस्थानात रोमन म्हणून समजलेल्या घटांच्या कित्येक तुकड्यांची माती रोबर्टा टोंबर यांनी तपासली तेव्हा ते इराण-इराककडील वेगळ्या जातीचे रांजण निघाले. आकारावरून रोमन वाटले तरी मातीला विचारल्याशिवाय निर्णय देऊ नये.

रोमचा मिथ्र नेवाशास आला नाही. परंतु त्या नावाची इराणी शाखा नगर जिल्ह्यात आली आहे आणि ती आपण रोज वापरतो. मिथ्र या शब्दाचे फारसी रूप मेह्र. त्याचे अर्थ दोन, सूर्य आणि प्रेम. संस्कृतातही मित्र म्हणजे सूर्य आणि मित्र म्हणजे सखा. मेह्रवरून मेहेरबान, मेहेरबानी, मेहेरनजर हे शब्द निजामशाहीच्या व पेशवाईच्या दरबारी भाषेतून मराठीत रुळले. नेवाशाच्या न्यायालयात आजही मराठी अर्ज लिहिताना 'मे.' असे जे आद्याक्षर न्यायाधीशांच्या हुद्द्यामागे लावतात ते मेहेरबान याचेच होय. करारभंगाचा दावा घेऊन आलेला पक्षकार नकळत करारदेवतेचे नाव घेऊनच न्याय मागतो! पारशी बांधव आपल्या अग्निमंदिरास 'दर-ए-मेहेर' म्हणतात. आणि नगर शहरापासून जवळच अरणगाव येथे मेहेराबाद आहे. पुण्यातील एका इराणी जरथुश्त्री कुटुंबात १८९४ साली जन्मलेले मेरवान इराणी, ज्यांना शिष्यांनी मेहेरबाबा म्हटले, ते १९२३ पासून तेथे राहू लागले. १९२५ च्या जुलैपासून १९६९ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी मौन पाळले. त्यांची समाधी तेथे असून देशोदेशींचे लोक दर्शनास येतात. त्यांच्या नावातील मेहेर हा त्या प्राचीन शब्दाचाच आजचा उच्चार आहे.

शेवटी एका प्रश्नाकडे आमच्या भगिनीवर्गाचे लक्ष वेधावयाचे आहे. सम्राटांनी गौरविलेला हा पंथ शंभर वर्षांच्या आत इतका नामशेष का झाला? राजसत्ता विरुद्ध गेली हे एक कारण. ३७७ च्या सुमारास रोमच्या एका नगरप्रमुखाने मिथ्राची गुहा फोडल्याचे सेंट जेरोम सांगतो, आणि ३९१ साली सम्राट थिओडोशियसने जुन्या देवांची पूजा बंद केली. परंतु राजाज्ञा अनेक धर्मांवर आल्या आणि ते सर्व काही मेले नाहीत. या पंथाचे दुबळेपण दुसरीकडे होते. त्याचे शेकडो शिलालेख मिळाले असून त्यांत दीक्षित म्हणून स्त्रीचे नाव आढळत नाही. देव पुरुषांचा, जेवण पुरुषांचे, रहस्य पुरुषांचे. बाप गुहेतून घरी येई तो तोंड मिटून. माजघरात त्या देवाची गोष्ट कोणी सांगत नव्हते. मूल त्याचे नाव आईच्या तोंडून ऐकत नव्हते. अशा देवाचे दालन एकदा मातीने बुजले की त्याला आठवणारे कोणी उरत नाही.

याच्या उलट आपल्याकडील सूर्याकडे पाहा. मग ब्राह्मणांनी स्थापिलेली मोठमोठी सूर्यमंदिरे ओस पडली, मुलतानचे तर नावनिशाण राहिले नाही. परंतु रथसप्तमीस अंगणात वा पाटावर सात घोड्यांचा रथ काढून, तुळशीवृंदावनापाशी गोवऱ्यांवर दूध उतू घालणाऱ्या बायका घरोघर आहेत. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी सांगणाऱ्या आजीबाई अद्याप आहेत. त्यांना कनिष्क ठाऊक नाही, बृहत्संहिता ठाऊक नाही. पण सूर्याला त्यांनी माजघरात आणून बसविले म्हणून तो राहिला. नेवाशातच १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तो गुप्त ठेवण्यासाठी नव्हे तर स्त्रीशूद्रांदि सर्वांच्या कानी जावा म्हणून. आणि तेथील खांबास आजही लोक कवटाळतात. प्रवरेच्या एकाच काठावर रोमन खापर मुके पडले आहे आणि ओवी बोलते आहे, यातला भेद हाच.

म्हणून दोन गोष्टींची विनंती करावीशी वाटते. नेवासे, प्रवरासंगम, जोर्वे या बाजूस जाणे झाल्यास टेकाडावरचे रंगीत खापर खिशात घालून आणू नये. ते जागेवर असेपर्यंतच बोलते, कपाटात आले की मुके होते. आणि आपल्या घरी आदित्यराणूबाईची कहाणी ज्या शब्दांत सांगितली जाते त्या शब्दांत ती एका वहीत उतरवून ठेवावी, सांगणारीच्या गावाच्या नावासह. मिथ्राच्या उपासकांपैकी एकानेही असे काही लिहून ठेवले असते तर आज विद्वानांस कोंबड्यांची हाडे मोजावी लागली नसती.